काकांचं 'नको' आणि अक्रोडाची रायफल

काकांना कुणी काहीही देऊ केलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द 'नको' हाच निघायचा. पाणी? नको. खुर्ची? नको, उभा बरा आहे. एकदा रॉटरडॅमच्या ट्राममध्ये कुणीतरी त्यांचं पडलेलं पाकीट उचलून दिलं, तर त्या भल्या माणसालाही हे म्हणाले, "नको नको, कशाला उगाच!"

हा नकार नव्हता. साताऱ्याच्या ज्या घरात ते वाढले तिथे पहिलं नको हे वळण होतं, दुसरं नको समोरच्याच्या आग्रहात किती दम आहे ते बघायला होतं आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलं की "बरं, अगदी थोडंसं" म्हणून ताट पुढे करायचं होतं. दोन्ही बाजूंना हा खेळ येत असेल तर तो छान चालतो. काका मात्र तारुण्यापासून राहत होते नेदरलँड्समध्ये. इथे माणसं एकदा विचारतात, तुमचं उत्तर ऐकतात आणि त्यावर विश्वास ठेवतात.

परिणामी काका अनेक डच घरांतून उपाशी परतलेले होते. रॉटरडॅमजवळच्या कापेलमध्ये त्यांचं घर माझ्या घरामागच्या गल्लीत होतं. शनिवारी दुपारी ते सायकलवरून उतरून थेट माझ्या स्वयंपाकघरात आले की मी ओळखायची, कुणाकडे तरी जेवायला गेले होते. मी विचारायचीच नाही, पोहे पुढे ठेवायची. खाता खाता ते म्हणायचे, "चांगली माणसं आहेत गं. पण आग्रह नाही."

आता काका-काकू मुलीजवळ आल्मेरेला राहायला गेलेत. मागच्या गल्लीतून सायकलची घंटा वाजली की अजून माझा हात पोह्यांच्या डब्याकडे जातो.

काका बंदरातल्या क्रेनच्या मोटारींचे इंजिनिअर. सबंध आयुष्य यंत्रांत गेल्यामुळे जगाकडे बघायची त्यांची पद्धतच वेगळी होती. ते जगाचा आवाज ऐकायचे. कुणाच्याही घरी गेले की आधी एखादं कपाट उघडायचे, लावायचे, पुन्हा उघडायचे. मग यजमानीणबाईंना मनापासून सांगायचे, "वहिनी, बिजागरी फार सुंदर आहे." वहिनींनी सकाळपासून पुरणपोळ्या लाटलेल्या असायच्या. ॲमस्टरडॅममधल्या बुइटनव्हेल्डर्टच्या एका लग्नात त्यांनी नवरा-नवरीला भेटायच्या आधी मांडवातल्या सगळ्या घडीच्या खुर्च्यांमधली एक उचलून पालथी केली होती आणि "हिचा सांधा बघ" म्हणून मला हाक मारली होती.

नेमबाजी हा त्यांचा छंद. शाळेच्या व्यायामशाळेखाली तळघर होतं, तिथे क्लब भरायचा. दहा मीटरवर कागदाचं लक्ष्य, मध्ये काळा ठिपका आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफली. डमरूच्या आकाराच्या शिशाच्या इवल्याशा गोळ्या. मलाही त्यांनीच ओढलं. "अगं, तू मराठी मंडळातल्या बायकांना बोट दाखवून कामं वाटतेस ना, तेव्हा तुझं बोट जराही हलत नाही. चल!" मी गेले. चांगल्या वर्तणुकीचा दाखला काढला, सभासद झाले आणि खरंच माझं बोट हलत नाही हे सिद्ध झालं.

काकांच्या रायफलच्या लांबट काळ्या पेटीमुळे एकदा मोठी गंमत झाली. गणपतीच्या तयारीच्या बैठकीला ते थेट क्लबातून आले आणि पेटी दाराशी उभी करून ठेवली. करमणुकीच्या कार्यक्रमाचं काम ज्यांच्याकडे होतं त्या बाईंचे डोळे चमकले.

"अय्या काका! तुम्ही वाजवता? कधी बोलला नाहीत!"

"नको नको," काका घाबरून म्हणाले.

"लाजू नका हो. आपलीच माणसं आहेत."

"अहो, नको. खरंच नको!"

"बघा," बाई आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "खरे कलावंत असेच असतात."

आरतीनंतर काकांचं वाद्यवादन, पंधरा मिनिटं, असं पत्रिकेत छापलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मनापासून म्हटलेलं नको होतं आणि ते कुणी ऐकलं नाही. मी म्हटलं, "काका, मी कार्यक्रम रद्द करते." तर म्हणाले, "आता छापलंय. बिचाऱ्या बाईंचा मान जाईल." ते स्टेजवर गेले. पेटी उघडलीच नाही. सभागृहातल्या सगळ्यांना उभं केलं, उजवा हात पुढे धरायला लावला, अर्धा श्वास सोडायला लावला आणि दगडासारखं स्थिर राहायला सांगितलं. एवढी गर्दी, पण टाचणी पडली तर ऐकू येईल. तेवढ्यात मागे शिऱ्याच्या पातेल्याचं झाकण पडलं आणि अख्खं सभागृह हसून कोसळलं. त्या वर्षी सगळ्यात गाजलेला कार्यक्रम तो. काकू म्हणाल्या, "घरी एक पडदा लावून देत नाहीत, इथे कलावंत!"

तर, मुद्द्यावर येते. मुद्दा रायफलीचा आहे.

काकांकडे त्या पेटीत होती ती अगदी नवीन तऱ्हेची रायफल. निळं ॲल्युमिनियम, दाबलेल्या हवेचं नळकांडं आणि जिथे बघाल तिथे स्क्रू. गाल टेकायची पट्टी वर-खाली होते, खांद्याची तिरपी होते, चाप पुढे-मागे होतो. इंजिनिअरच्या हाती असली वस्तू देऊ नये. काका दर आठवड्याला काहीतरी पिळायचे. नेम धरण्यापेक्षा पाने धरण्यात त्यांचा जास्त वेळ जायचा आणि गोळ्या कागदावर रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या पसरायच्या. "अजून बसलेली नाही," असं ते म्हणायचे. तीन वर्षं ती बसत होती.

शेजारच्या जागेवर मेनेर असायचे. इथे पुरुषांना आदराने मेनेर म्हणतात; आमच्या क्लबात तेच त्यांचं नाव झालं होतं. निवृत्त दंतवैद्य, उंच, पांढरे केस, बोलणं दात उपटल्यासारखं. मी पहिल्यांदा लक्ष्य भेदलं तेव्हा म्हणाले होते, "चांगलं. योगायोग आहे." त्यांच्याकडे होती जुनी जर्मन रायफल. त्यांनी तरुणपणी घेतलेली, तिच्यावरच त्यांचे केस पांढरे झालेले.

एका शनिवारी काका निळ्या रायफलीचा कुठलासा स्क्रू पिळत बसले होते आणि शेजारी मेनेरांनी आपल्या रायफलीचा बाजूचा दांडा ओढला. काकांचा हात थांबला.

"ऐकलंस?" ते मला म्हणाले.

"काय?"

"पुन्हा ओढतील तेव्हा ऐक."

मी ऐकलं. आधी तेलातून काहीतरी सरकल्यासारखा लांब, मऊ आवाज आणि शेवटी एकच, भरीव 'टक्'. पानाच्या डब्याचं जुनं पितळी झाकण बसावं तसा. काकांचे कान लाल झाले होते. मला वाटतं, माणूस प्रेमात पडतो तेव्हा असंच होत असावं.

मेनेरांनी ती त्यांना हातात घेऊ दिली. नशीब, त्यांनी विचारलं नाही, सरळ दिलीच, नाहीतर काका नको म्हणाले असते. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. त्यातल्या रेषा मनगटापाशी दाट होत होत्या आणि गालाशी सैल सुटून फिरत होत्या, केस विंचरून मोकळे सोडावेत तशा. हाताची पकड बसते तिथे बारीक चौकड्या कोरलेल्या. इतक्या वर्षांच्या घामाने त्यांच्या कडा मवाळ झालेल्या, पण एकही रेघ दुसरीत घुसलेली नाही. काकांनी डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला.

"हे हाताने कोरलंय. इथे बघ, इथे कारागीर थांबलाय. श्वास घेतलाय आणि पुढे गेलाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, इथली खोली केसभर वेगळी आहे. हाताला विचार ना!"

मी माझ्या हाताला विचारलं. हात म्हणाला, छान गुळगुळीत आहे. पण मग काकांनी मला ती चालवायला लावली. चाप बोटाला जवळजवळ जाणवतच नाही. पिकलं पान देठातून सुटावं तशी गोळी सुटते. आणि झटका नाही! सुटताक्षणी नळीसकट सगळी यंत्रणा लाकडाच्या आत दोन छोट्या रुळांवर किंचित मागे येते आणि झटका स्वतःच पिऊन टाकते. खांद्याला लागतो तो फक्त एक हलकासा निरोप. स्क्रू किती? दिसणारे मोजके. जे करायचं ते बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं.

"यात पिळायला काही नाहीच," मी म्हटलं.

"नाहीच ना!" काका आनंदाने ओरडले. "सगळं आधीच बरोबर आहे! कसली भयंकर गोष्ट आहे ही!"

त्यानंतर काही आठवड्यांनी मेनेर कॉफीचा कप घेऊन आमच्या टेबलाशी आले. त्यांचा खांदा गेला होता. तो दांडा ओढायला जोर लागतो आणि डॉक्टरांनी जोर बंद केला होता. काकांच्या निळ्या रायफलीला ओढायचं काही नव्हतं, नळकांडंच सगळं करत होतं. मेनेर बसले, कप ठेवला आणि म्हणाले, "रायफलला रायफल. बदलू या का?"

माझ्या हातातलं बिस्कीट कॉफीत पडलं. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती आणि त्या दिवाळीतून शब्द आले ते असे:

"नको नको! असं कसं? तुमची इतक्या वर्षांची वस्तू…"

"बरं," मेनेर म्हणाले आणि कप घेऊन निघून गेले.

काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "येतील परत. अजून दोनदा विचारायचंय त्यांना."

ते कसले विचारतात! पुढच्या शनिवारी फळ्यावर मेनेरांच्या सुबक अक्षरात कागद लागला. जुनी अक्रोडाची रायफल, बदल्यात हलकी नवी हवी. आणि त्याच संध्याकाळी क्लबभर कळलं की ग्रोनिंगनहून कुणीतरी बघायला येणार आहे, पुढच्या शनिवारी, अकरा वाजता.

"काका, जा आणि सांगा, मला हवी आहे."

"असं कसं? मी नको म्हटलंय ना त्यांना."

"मग आता हो म्हणा!"

"त्यांनी विचारल्याशिवाय?" काकांना तो विचारच सहन होईना. "आपण होऊन मागायचं? हावरटासारखं? त्यापेक्षा मी त्यांना आठवण करून देतो."

आठवण करून देणं म्हणजे काय, तर चकल्या. काका काकूंच्या चकल्यांचा डबा घेऊन मेनेरांच्या मागे उभे राहिले. मेनेरांनी एक चकली खाल्ली. काका म्हणाले, "फार सुंदर रायफल आहे हो." मेनेर म्हणाले, "हो." काका म्हणाले, "ज्याला मिळेल तो भाग्यवान." मेनेर म्हणाले, "बरोबर आहे." मग काकांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला. मेनेरांनी काळजीने विचारलं, दमा आहे का.

मी रात्रीचं जेवण आटोपून त्यांच्या घरी गेले आणि सगळं काकूंना सांगितलं. काकूंनी हातातला झारा खाली ठेवला.

"म्हणजे ते बिचारे एकदा म्हणाले आणि विषय संपला?"

"संपला."

"आणि मी लग्न झाल्यापासून या माणसाला प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा विचारतेय!" त्यांनी कपाळाला हात लावला, पण डोळ्यांत एकदम चमक आली. "थांब. उद्यापासून मीही डच."

त्या आठवड्यात काकांचे हाल कुत्रा खाईना. "चहा घेणार?" "नको—" "बरं." "अजून एक पोळी?" "नको न—" "बरं." बुधवारी माझ्या दाराची घंटा वाजली. काका. "पोहे आहेत का गं?" असं चक्क विचारलं त्यांनी. मला उमेद वाटली.

शुक्रवारी आम्ही रंगीत तालीम घेतली. मी मेनेर, सोफ्यावर ताठ बसलेली. काकू परीक्षक.

"रायफल बदलू या का?" मी विचारलं.

"न—हो."

"नहो काय?" काकू म्हणाल्या. "पुन्हा."

"बदलू या का?"

"तुमची हरकत नसेल तर, म्हणजे बघा, तुम्हाला त्रास न होता…"

"बाद!"

"अगं, जीभ वळत नाही! सात पिढ्यांची सवय आहे!"

"सात पिढ्यांना कुणी रायफल विचारली होती हो?" काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग काकाही हसायला लागले आणि मीही. पण हसता हसता काका मध्येच थांबले आणि हळूच म्हणाले, "गेली ना, तर मला फार वाईट वाटेल गं." ते त्यांनी न विचारता, आपण होऊन सांगितलं होतं. काकूंनी चहा आणला आणि या वेळी विचारलंच नाही.

शनिवारी ग्रोनिंगनचे गृहस्थ अकराच्या ठोक्याला हजर. आखूड, रुंद, प्रसन्न माणूस. हातात स्वतःची नवी रायफल. त्यांनी अक्रोडाची उचलली, खांद्याला लावली, चार गोळ्या मारल्या. चारही मध्यावर. काका माझ्या शेजारी चकल्यांचा डबा छातीशी धरून उभे होते.

"उत्तम," ते गृहस्थ म्हणाले. "फक्त माझ्या हाताला लांब पडते. इथून दोन बोटं कापावी लागेल." आणि त्यांनी दस्त्यावर नखाने रेघ दाखवली.

वापरायची वस्तू आहे, ज्याला घ्यायची तो कापेल. इथला हिशोब सरळ असतो. पण मेनेरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. स्वच्छ होता तो.

"मला हवी आहे."

मी दचकून वळले. काका बोलले होते. डच भाषेत, मोठ्याने, सगळ्या तळघरात घुमेल असं.

मेनेरांनी चष्मा चढवला. "तू नको म्हणाला होतास."

"हो."

"दोनदा म्हणालास. नको नको."

"आमच्यात पहिलं नको मोजत नाहीत," काका म्हणाले. घामाने डबडबले होते. "दुसरंही नाही. तिसरं आलं तर मोजायचं."

मेनेरांनी हे शांतपणे ऐकलं. एखादा दात वेगळ्याच ठिकाणी उगवलेला पाहावा तसं. "अवघड पद्धत आहे," ते म्हणाले. "पण हे गृहस्थ वेळ घेऊन आलेत. पहिला हक्क त्यांचा. त्यांना विचार."

हे तर आणखी भयंकर. अनोळखी माणसाच्या तोंडचा घास मागायचा! काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. ते पुढे झाले. "कृपा करून ही घेऊ नका," ते म्हणाले. "तुम्हाला कुठलीही चालेल. मला हीच हवी आहे. आणि मी ती कापणार नाही."

गृहस्थांनी खांदे उडवले. "ठीक आहे. मला लाकडाचं काही नाही. पण हे फोनवर सांगितलं असतं तर माझा दोन तासांचा रस्ता वाचला असता."

काका इतके विरघळले की त्यांनी अख्खा डबा पुढे केला. "हा तुम्ही घ्या! घ्याच!" आणि आता समोरून नको येईल, मग आपण आग्रह करू, अशा तयारीत उभे राहिले. गृहस्थ म्हणाले, "धन्यवाद," डबा काखेत मारला आणि गेलेसुद्धा. काकूंचा लग्नातला स्टीलचा डबा असा ग्रोनिंगनला गेला.

मग मेनेर काकांसमोर आले, रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून. "तर पुन्हा विचारतो," ते म्हणाले. "बदलू या का?"

काकांचे ओठ उघडले. माझी नजर त्या ओठांवर. शपथेवर सांगते, मला त्यांच्या जिभेचं टोक टाळूला लागलेलं दिसलं, थेट 'न'च्या जागी. काकांनी डोळे मिटले, अर्धा श्वास सोडला, स्थिर झाले.

"हो!"

इतक्या जोरात की पलीकडच्या तिघांनी रायफली खाली ठेवल्या.

मेनेरांनी निळी रायफल उचलली, गोळी घालून चाप ओढला आणि दांड्यासाठी सवयीने हात बाजूला नेला. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी नुसती पुढची गोळी घातली, पुन्हा मारली, पुन्हा. खांदा हललाही नाही. "एवढंच?" ते म्हणाले आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले. सगळे स्वतःचे होते.

शेजारी काकांनी दांडा ओढला. तो लांब, मऊ आवाज. शेवटी भरीव 'टक्'. गोळी घातली, गाल लाकडाला टेकवला, नेम धरला आणि चापाला बोट लावलं. यंत्रणा रुळांवरून किंचित मागे आली आणि थांबली. काका तसेच राहिले, गाल दस्त्याला चिकटवून, लाकडाच्या रेषांकडे बघत, भाजीवाल्याच्या ताज्या मेथीकडे बघावं तसं हसत.

"कुठे लागली?" मेनेरांनी विचारलं.

"काय?" काका म्हणाले.